खानावळ वाढवली

परवा फोनवर बोलताना थोरली म्हणाली, की कॉलेज सांभाळून ती ज्या हॉटेलात काम करते तिथलं गिऱ्हाईक कमी झालंय, आणि मालकिणीनं तिला आठवड्यातून दोनच दिवस यायला सांगितलंय. धाकट्यानं मागून विचारलं, आजी, आपल्या लॉजवर मंदी आली की तुम्ही काय करायचात? मला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. तुमच्याकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण, आणि दिवसभराच्या कामानं मी दमले होते. म्हणून लिहून पाठवते. क्रमानं लिहिते. शाळेत इंग्रजी शिकवताना मुलींनाही मी आधी काय, मग काय, असंच लिहायला लावत असे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

नांदेडला स्टेशनरोडवरचं आपलं लॉज तुम्ही पाहिलंय. वर खोल्या, खाली खानावळ. उतरायला येणारे बहुतेक गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू, काही माहूरला जायच्या आधी एक रात्र टेकणारे, बाकी बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्यांचे फिरते लोक. खानावळीत गावातलेही येत. बदली होऊन आलेले, एकटे राहणारे बँकेतले लोक येत, कोर्टाच्या तारखेला आलेले येत, दवाखान्यात कुणी ठेवलेलं आहे असे नातेवाईक येत. त्या शेवटच्या लोकांचं जेवणाकडे लक्ष नसे, आणि आपले मामा त्यांनाच जास्त आग्रह करत.

मामा तुम्हाला आठवत असतील. ते तुमचे सख्खे मामा नव्हेत, आपले मुख्य वाढपी. गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. रेणापूरजवळच्या एका खेड्यातले. आजोबांनी लॉज सुरू केलं तेव्हा मिसरूड फुटलेले मामा वरणाची बादली धरून आत आले आणि तिथंच त्यांचे केस पांढरे झाले. त्यांची वाढायची एक रीत होती. ते माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, ताटाकडे पाहत. भाकरीचा शेवटचा तुकडा मोडला जायच्या आत दुसरी भाकर ताटात येई, आणि नको म्हणायला वर केलेला हात तसाच राही. पंजाबातल्या यात्रेकरूंशी ते आपल्या हिंदीत बोलत. "नक्को बोलनेकाच नै सरदारजी. आधी तो लेव." ते दाढीवाले धिप्पाड लोक हसत हसत अर्धी घेत, आणि अर्धीच्या जागी सबंध आली आहे हे त्यांच्या नंतर लक्षात येई.

आता मंदीचं. मंदी आली हे आजोबांना वर्तमानपत्राच्या आधी चादरींवरून कळे. धोब्याकडे जाणारं गाठोडं लहान झालं की मंदी आली. त्यांचा एक शब्द होता, खोली शिळी झाली. कापड आज विकलं नाही तर उद्या विकता येतं, खोलीची आजची रात्र उद्या विकता येत नाही. खोल्या शिळ्या व्हायला लागल्या की खाली खानावळीत एकेक गोष्ट कमी होई. पहिल्यांदा रविवारचा शिरा जाई. मग पापड. मग संध्याकाळचा जादा वाढपी, आणि त्याच्यामागून भांडी घासणाऱ्यांतलं कुणीतरी.

कामावरून काढलं, असं कुणी म्हणत नसे. "गावाकडं जाऊन या थोडे दिवस," असं आजोबा म्हणत, आणि ज्याला म्हणत त्याला ते कळे. तोही वाद घालत नसे. मग धंदा सुधारला की आजोबा निरोप धाडत, पुढं मोबाइल आल्यावर फोन करत. फोनवर एकच शब्द असे, "या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माणूस हजर. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात असं झालं. नोटा बदलल्या त्या हिवाळ्यातही झालं, तेव्हा तर मामांनाही जाऊन यावं लागलं. जाताना ते हसत म्हणाले होते, लेकीचं बाळंतपण आहेच, बरं झालं. लेकीचं बाळंतपण कधीच होऊन गेलं होतं.

मग कोरोना आला. त्याचं तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही तिकडे घरात कोंडलेले होतात. सरकारनं लॉज बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा आधी दाराला लावायला कुलूपच सापडेना. लॉज चोवीस तास उघडं, कुलूप कशाला लागणार? शेवटी घरातल्या कोठीचं काढून लावलं. आजोबांनी कोठीतलं धान्य सगळ्यांना वाटून दिलं. मामांनी बादल्या घासून पालथ्या घातल्या, पळ्या खुंटीला लावल्या आणि गावी गेले.

ते दोन-चार आठवड्यांत संपेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. तसं काही झालं नाही. मामा अधूनमधून फोन करत. "मालक, काय म्हंतंय?" आजोबा म्हणत, "अजून न्हाई, मामा." यापलीकडे बोलणं फारसं नसे.

गावात मामांच्या वाट्याला भावाचं शेत होतं, म्हणजे भावाच्या हाताखालचं काम. जन्म खानावळीत गेलेला, खुरपं धरलं की हाताला फोड येई. मामी, म्हणजे त्यांची बायको, सोयाबीनच्या खुरपणीला जात. भावजय दोघांच्या देखत म्हणे, भाऊजींचे हात पोळ्या वाढायचे, त्यांला माती सोसंना. हे मामांनीच मला नंतर हसत सांगितलं. मामींना ते सांगितलेलं आवडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी जवळच्या साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मामांना काम मिळालं. उसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना चहा आणि पोहे द्यायचे. तिथं वाढणं नव्हतं, कागदी प्लेट काउंटरवरून सरकवायची. मामा म्हणायचे, ताटच न्हाई तर बघायचं कुठं? पण कॅन्टीनचा ठेकेदार त्यांच्यावर खूश होता. गाळप संपलं तरी तुम्हाला ठेवतो, असं तो म्हणाला होता. बारा महिन्यांचं काम. मामांच्या वयाला आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मामींनी त्या आनंदात शेताला जायचं सोडलं नाही, एवढंच.

इकडे धंदा हळूहळू परत आला. मधे एकदा पुन्हा सगळं बंद झालं, पुन्हा उघडलं. मग एका दसऱ्याला वरच्या सगळ्या खोल्या भरल्या आणि धोब्याचं गाठोडं दारातून निघेना. लोक आजोबांचं अभिनंदन करू लागले. पेपरात येई, पर्यटन पूर्वपदावर. वरचं खरंच पूर्वपदावर होतं. खाली मात्र कुणी बसायला येत नव्हतं. लोक खोलीत बसून मोबाइलवर जेवण मागवत, आणि ते आणणारे आपल्याच खानावळीच्या दारावरून पिशव्या घेऊन जिना चढत. बँकेतले एकटे लोक डबा लावून मोकळे झाले होते. आचारी हैदराबादला गेला होता, त्याचा फोनही लागत नव्हता. आजोबांनी नवा आचारी आणून काही महिने खानावळ चालवून पाहिली. बाकडी पुसून ठेवायची आणि पुन्हा पुसायची. शेवटी त्यांनी ती बंद करायचं ठरवलं आणि जागा एका पार्सल कंपनीला गोदामासाठी भाड्यानं दिली. ठरवलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी फक्त हात-पाय धुतले आणि झोपले. तेव्हा दुपारही झाली नव्हती.

दोन दिवसांनी त्यांनी मामांना फोन केला. म्हणाले, "मामा, आपण खानावळ वाढवली." तिकडून मामा काहीतरी बोलले. आजोबा म्हणाले, "हो, झालं सगळं. तुम्ही सवडीनं या एकदा." मामांना बोलवून पंचा-टोपी, मामींना साडी द्यायची, आणि इतक्या वर्षांचा शेवट नीट करायचा, असं त्यांच्या मनात होतं.

इथं तुम्हाला एक शब्द समजावून सांगायला हवा. आजोबांच्या वडिलांचं जुन्या नांदेडात कापडाचं दुकान होतं. आजूबाजूचे बहुतेक व्यापारी उर्दू बोलणारे. दुकान बंद करा, असं तिथं कुणी तोंडातून काढत नसे, ते अशुभ. संध्याकाळी फळ्या लावायच्या वेळी शेजारचा म्हणे, "दुकान बढाव," आणि आजोबांचे वडील मराठीत नोकराला सांगत, दुकान वाढवा. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात, तसंच हे. आजोबा त्या दुकानात लहानाचे मोठे झाले. त्यांच्या तोंडी हा शब्द इतका मुरलेला, की कायमचं बंद केलं हे सांगतानाही तोच आला. लॉजवर मात्र तो कुणी कधी ऐकला नव्हता, कारण लॉज रोज बंद करायचं कामच नव्हतं. आणि कोरोनात बंद झालं ते सरकारच्या शब्दानं.

मामा शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्याकडे वाढवली म्हणजे मोठी केली. शिवाय मामा वाढपी, वाढणं हा त्यांचा धंदा. गावोगाव लोक सांगत होते की बाजार उठला, हॉटेलं जोरात आहेत. मालक फोनवर म्हणतात खानावळ वाढवली, आणि शेवटी म्हणतात या. मामांनी दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला सांगून कॅन्टीन सोडलं.

ते आले तेव्हा मी लॉजवरच होते, नव्या पडद्यांची मापं घेत होते. एसटी स्टँडवरून रिक्षा करून दोघं आली. मामांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, बरोबर पत्र्याची पेटी. मामींच्या हातात पिशवी आणि पिशवीत त्यांचं स्वतःचं लाटणं. मला पाहून मामा पाया पडायला वाकले आणि म्हणाले, "बाई, हिला बी आणलं. मालकानं एवढं वाढवलंय तर पोळ्याला माणूस लागंलच."

मला क्षणभर कळलंच नाही. मामा बोलत बोलत खानावळीच्या दाराशी गेले. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती. हात धुवायच्या जागी एक माणूस स्टुलावर बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्यानं विचारलं, "काका, पार्सल घ्यायला आलात का? ओटीपी सांगा."

मामांनी आत पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. आजोबा तेवढ्यात वरून खाली आले. मामा त्यांना म्हणाले, "कुठं वाढवली, मालक? वरल्या मजल्यावर का?"

आजोबांच्या ध्यानात आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते जिन्याच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "वाढवली म्हणजे, मामा, आवरली. बंद केली."

चिठ्ठ्या चिकटवणारा मान खाली घालून काम करत राहिला. मग मामी पुढं आल्या. लॉजवर मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही.

"मालक, बंद केली तर बंद केली म्हनावं. आमच्यात मेल्याला बी मेला म्हंतेत."

"अगं गप," मामा म्हणाले.

"गप काय? चांगलं ठेकेदारानं ठेवलं होतं. म्या म्हनलं होतं आधी बघून या. तर म्हंले, मालकानं स्वतः फोन केलाय, बघायचं काय."

मामा उगीच हसले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता ना, बघा, एका शब्दाला दोन पाय असतेत." आणि पेटी भिंतीकडे सरकवून, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी ठेवली. मी दोघांना घरी घेऊन आले आणि जेवायला वाढलं. त्या दिवशी मामांनी दुसरी पोळी घेतली नाही.

त्यानंतरचं सगळं त्या एका कामाच्या मागं धावणं होतं. मामांनी ठेकेदाराला फोन केला. त्यानं दुसरा माणूस लावलाही होता. आजोबांना ते पटेना. गुडघे सुजलेले असताना ते एक दिवस जीप करून कारखान्यावर गेले. ठेकेदार त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्यानं त्यांना मान दिला, खुर्ची दिली, आणि चहा मागवला. चहा घेऊन आला तो मामांच्या जागी लावलेला माणूस. तोही औरंगाबादेच्या कुठल्याशा हॉटेलातून कोरोनात सुटलेला, घरी म्हातारी आई. आजोबा म्हणाले, त्याला काढ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? चहा पिऊन परत आले.

मग आजोबांनी मामांना वरच्या कामावर घेतलं. बॅगा वर नेणं, चादरी बदलणं, गरम पाण्याचं बघणं. मामांनी ते मन लावून केलं, आणि तरी ते जमत नव्हतं. नव्या गिऱ्हाइकाला खोलीत माणूस आलेला नको असे. पाणी आणू का, चहा सांगू का, असं विचारत मामा दारावर थाप मारत, आणि आतून कुणीतरी ओरडे की काही नको आहे. एका कुटुंबानं मोबाइलवर तक्रार लिहिली की नोकर सारखा दार वाजवतो. काउंटरवरच्या मॅनेजरनं ती मामांना वाचून दाखवली. मामांनी विचारलं, "जेवलात का असं इचारलं, त्यात काय चुकलं?" मॅनेजर चांगला आहे, त्याचं वय लहान आहे आणि त्याला असल्या तक्रारींची धास्ती आहे.

त्या दिवसांत मामी माझ्याकडे घरी पोळ्या करायला येत. मामांचं वरचं काम काही दिवसांचं आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वरच्या माळ्यावर जेवढी माणसं आधी लागत तेवढी आता लागतच नव्हती. धंदा परत आला होता, पण त्यात माणसं कमी लागत होती. आजोबांनी मामांना आणखी कुठं लावावं म्हणून शेजारच्या दोन हॉटेलांत विचारलं. एकानं वय विचारलं, दुसऱ्यानं मोबाइलवर ऑर्डर घेता येते का विचारलं.

लातूरला माझी धाकटी बहीण राहते, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिची क्लासच्या मुलींसाठी मेस आहे. कोरोनात तिची मेस अशी ओस पडली होती की तिथं ती पापड वाळवत असे. नंतर डॉक्टर व्हायला निघालेली मुलं गावोगावाहून पुन्हा लातूरला आली, आणि तिच्याकडे हातांची चणचण झाली. मी तिला फोन करून सांगितलं, की दोघांना घेऊन येते. मामा, मामी आणि मी एसटीनं गेलो. वाटेत मामा मला विचारत होते, मुली भाकर खातात का, पंगत किती मोठी असते, पाट असतात की टेबलं. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून तोंड धुतलं आणि भांग पाडला.

बहिणीच्या मेसमध्ये पंगत नव्हती. मुली हातात ताट घेऊन रांगेत उभ्या, समोर भांडी ठेवलेली, ज्याचं त्यानं घ्यायचं. कानाला मोबाइल नाहीतर हातात प्रश्नांचं पुस्तक. जेवण दहा मिनिटांत संपवून त्या पुन्हा क्लासला पळत. मामा दाराशी उभे राहून पाहत होते. एका बारीकशा मुलीनं ताटात नुसता भात घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मामा न राहवून पोळी घेऊन तिच्यापर्यंत गेले. "घे की, बाळा. नुसत्या भातानं काय होतं?" मुलीनं वर न पाहता ताटावर हात धरला. "नको, अंकल, झोप येते." तिचं खरंच होतं, जेवून तिला पुन्हा अभ्यासाला बसायचं होतं. मामा पोळी परत घेऊन आले आणि डब्यात ठेवली.

इकडे आत मामींनी लाटणं काढलं होतं. बहिणीनं त्यांच्या दोन पोळ्या पाहिल्या आणि तिसरी होईपर्यंतही थांबली नाही. म्हणाली, "मावशी, आजपासून राहा." राहायला मागची खोली, दोन वेळचं जेवण, आणि पगार. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आन् हे?" त्यांनी विचारलं.

बहीण माझ्यासारखीच आहे, काम आधी बघते. तिनं स्पष्ट सांगितलं, वाढायला तिच्याकडे माणूस लागत नाही. पण माझ्या शब्दाखातर म्हणाली, डबे भरायला राहू देत. ज्या मुली दूर राहतात त्यांचे डबे भरायचे, झाकणं लावायची, पिशव्यांना नावं बांधायची.

मामा म्हणाले, "भरतो की."

पुढं मी लातूरला गेले की त्यांना डबे भरताना पाहत असे. ते डब्याच्या खालच्या वाटीत भाजी घालत, वरच्यात पोळ्या घडी करून, मग वरण, भात. झाकण लावायच्या आधी क्षणभर डब्यात पाहत राहत. बहीण कुरकुरे की मामा हळू आहेत. मामी पटकन म्हणत, "ताई, मी लावते झाकनं, तुम्ही बोलू नका त्यांला." आणि पोळपाट सोडून येत. सगळ्या मेसला आता मामींची ओळख होती. मुली स्वयंपाकघरात डोकावून म्हणत, मावशी, आज धपाटे करा ना. मामांना त्या मावशींचे मिस्टर म्हणत. एकदा मामांनीच मला सांगितलं, "बाई, आधी ही माझी बायको म्हणून लॉजवर यायची. आता मी हिचा नवरा म्हणून ऱ्हातो." यात तक्रार नव्हती.

आजोबांना मी हे सगळं सांगत असे. ते ऐकून घेत आणि एवढंच विचारत, जेवतात ना ते नीट? ‘वाढवली’च्या त्या फोननंतर आजोबांनी कुणालाही फोनवर काही महत्त्वाचं सांगायचं सोडून दिलं आहे. तुमच्याशी ते फोनवर कमी बोलतात, त्याचं कारण तुमच्यावर राग आहे असं समजू नका.

यंदा परीक्षा झाल्यावर बहिणीची मेस रिकामी झाली. उन्हाळी बॅच लहान, आणि पुढं किती मुली येतील याची कुणालाच खात्री नाही. काही क्लास घरबसल्या शिकवायला लागलेत, काही पालकांनी म्हणे मुलांना थेट राजस्थानातल्या मोठ्या क्लासना पाठवलंय. बहिणीनं माणसं कमी केली. मामींना ठेवलं. मामांना सांगितलं, की जूनमध्ये बघू.

हे मी तिथं असताना झालं. मामांना स्टँडवर पोचवायला मी आणि मामी गेलो. रेणापूरची गाडी लागलेली होती. मामींनी त्यांच्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गोळ्यांची चिठ्ठी ठेवली, कुठली गोळी कधी ते दोनदा सांगितलं. भावजयीशी वाद घालू नका म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, ताईला म्या इचारलंय, डबे वाढले तर यांला आधी घ्यायचं. ताई हाव म्हनल्यात, पर डबे वाढाय पायजेत.

गाडी सुरू झाली तेव्हा मामा खिडकीशी बसले होते. मी विचारलं, मामा, पोचलात की आम्हाला कळवाल ना? ते म्हणाले, "मला काय कळवायचं हाय, बाई. हिचा फोन आला की येतो." आणि बायकोकडे बघून हसले. मामींनी पदर तोंडाला लावला, आणि गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. मग त्या म्हणाल्या, चला बाई, संध्याकाळच्या पोळ्याची कणीक भिजवायचीये.

आता मे संपत आलाय. काल मी बहिणीला फोन केला होता. उन्हाळी बॅचच्या थोड्या मुली आहेत, मामी त्यांच्यापुरत्या पोळ्या करतात. डबे अजून वाढलेले नाहीत. मामी रोज दुपारी काम झालं की मोबाइल हातात घेऊन बसतात, असं बहीण म्हणाली. नवऱ्याला फोन करतात का, मी विचारलं. करतात, ती म्हणाली, पण जेवलात का एवढंच विचारतात आणि ठेवतात.